बावन्न आठवड्यांची बचत आणि तारण ठेवलेल्या पाटल्या

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. त्यांच्या वाड्यावरच्या (वस्तीवरच्या) वीस जणी चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, २० सप्टेंबरच्या रविवारपासून, बावन्न आठवड्यांचं बचतीचं आव्हान सुरू करणार आहेत. पहिल्या रविवारी ५० रुपये, दुसऱ्या रविवारी १००, तिसऱ्या रविवारी १५०, असं वाढत शेवटच्या रविवारी २,६०० रुपये. प्रत्येकीचे वर्षाचे ६८,९०० होतात. पैसे यूपीआयने एकाच बाईंच्या खात्यात जमा व्हायचे. पुढच्या चवथीला ते परत मिळतील आणि वर ५,००० रुपये बोनस. पत्रलेखिका घरी शिवणकाम करतात, यजमानांची मोरजी-मांद्रे भागात टुरिस्ट टॅक्सी आहे, सरकारच्या गृह आधार योजनेचे महिन्याला दीड हजार येतात. मुलाच्या डिप्लोमाच्या प्रवेशासाठी यंदा पाटल्या तारण ठेवून ११ टक्क्यांनी ६०,००० रुपये घेतले आहेत. त्या विचारतात, "आव्हान पुरं करून पुढच्या चवथीला पाटल्या सोडवाव्यात असा विचार आहे. भाग घेऊ ना? नाही म्हटलं तर वाड्यावर बरं दिसत नाही."

ताई, भाग जरूर घ्या. फक्त पैसे त्या खात्यात टाकू नका, आणि रविवारचा जो चढता तक्ता आखलाय तो तुमच्या घराला चालणार नाही. आधी तक्त्याचं बोलू, कारण बोनसच्या गडबडीत त्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं दिसत नाही.

जानेवारीत सुरू करून डिसेंबरात संपवलं, तर चढता तक्ता पर्यटनावर जगणाऱ्या घराला एक वेळ परवडतो, मोठ्या रकमा ऐन सीझनमध्ये येतात. तुम्ही सुरुवात करताय चवथीनंतर. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, टॅक्सीला उसंत नसते आणि तुमच्या मशीनवर लग्नसराईचे ब्लाऊज पडलेले असतात, तेव्हा तुम्ही भरणार आठवड्याला १५० ते ७५० रुपये. सुरुवातीपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पंधरा रविवारांचे मिळून फक्त ६,०००. आणि ३१ मेनंतर किनाऱ्यावरचे शॅक (तात्पुरती हॉटेलं) उतरले, किनारा ओस पडला, की जून ते ऑगस्टच्या तेरा रविवारांत तुम्हाला काढावे लागणार २८,६००. एकट्या ऑगस्टमध्ये पाच रविवार येतात, त्यांचे १२,०००. पावसाळ्यात महिन्याला दोन-तीन हजारच हाताला उरतात, असं तुम्हीच लिहिलंय. मग उरलेले कुठून आणणार? बहुतेक त्याच पाटल्यांवर वाढीव कर्ज काढून. अशी आव्हानं अर्ध्यावर सुटतात ती बायकांना शिस्त नसते म्हणून नव्हे. तक्ता आखताना घरात पैसा कधी येतो हे कुणी विचारलेलंच नसतं.

आणखी एक गोष्ट. चवथ तिथीने येते. यंदा अधिक मासामुळे ती १४ सप्टेंबरला गेली, पुढच्या वर्षी ४ सप्टेंबरला आहे. म्हणजे चवथीआधीच्या रविवारी, २९ ऑगस्टला, तुमचा पन्नासावा हप्ता असेल. शेवटचे दोन, सगळ्यांत मोठे, मिळून ५,१५०, गणपती बसल्यावर भरायचे! माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळा-फुलांच्या सजावटीचं) सामान, नेवऱ्यांचं (करंज्यांचं) साहित्य, नवे कपडे हे सगळं त्याआधी घ्यावं लागतं. तेव्हा "चवथीला पैसे हातात" हे वाक्य कॅलेंडर न उघडताच ठरलेलं आहे.

आता बोनस. हा हिशोब जरा सावकाश वाचा.

चढत्या तक्त्यात तुमचे ६८,९०० वर्षभर कुठे पडून राहत नाहीत. मोठा भाग शेवटी शेवटी येतो. सरासरी काढली तर तुमचा एकेक रुपया त्या खात्यात जेमतेम सतरा आठवडे असतो. बँकेत ६ टक्क्यांनी ठेवले असते तर या पैशांवर साधारण १,३५० रुपये व्याज झालं असतं. ५,००० द्यायचे तर वर्षाला २२ टक्क्यांच्या आसपास कमाई हवी. कुठलीही बँक ती देत नाही. म्हणजे हे पैसे व्याजाने फिरवले जाणार, बहुधा "अडलेल्याला महिना दोन टक्क्यांनी". तुमच्या पत्रात तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, पण "मधे कुणाला लागले तर त्या देतात" हे एक वाक्य आहे आणि मला तेवढं पुरे आहे. घेणाऱ्याने ऑगस्टमध्ये हात वर केले तर तुमचे पैसे चवथीला येणार कसे? त्या बाई कितीही सरळ असोत, वसुली त्यांच्या सरळपणावर अवलंबून नाही.

त्यात पैसे एका बाईंच्या वैयक्तिक खात्यात. वीस जणींचे मिळून शेवटी १३ लाख ७८ हजार. त्यांचं काही बरंवाईट झालं, किंवा कुठल्याशा तक्रारीवरून खातं गोठवलं गेलं, तर बँकेच्या लेखी ते पैसे त्यांचे आहेत, तुमचे नाहीत. वहीतल्या सह्या घेऊन तुम्ही बँकेत गेलात तरी मॅनेजर काही करू शकणार नाही. कायद्याचंही सांगतो, घाबरवण्यासाठी नव्हे. ओळखीतल्या बायकांची भिशी वेगळी. पण जादा परताव्याचं आश्वासन देऊन लोकांकडून ठेवी गोळा करण्याचा धंदा सुरू झाला की २०१९चा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा येतो, आणि व्याजाने पैसे देण्याचा धंदा करायला गोव्यात २००१च्या सावकारी कायद्याखाली परवाना लागतो. यंदा वीस जणी, पुढच्या वर्षी शेजारच्या वाड्यासकट साठ जणी झाल्या, तर उद्या त्या बाईच अडचणीत येतील. हे त्यांना चांगल्या शब्दांत कुणीतरी सांगायला हवं.

"बँका तरी कुठे सुरक्षित?" असं तुम्ही विचाराल. बरोबर आहे, २०२१मध्ये मडगाव अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला होता. पण बँकेतल्या ठेवींवर प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विमा असतो आणि तिथल्या जवळपास ९९ टक्के ठेवीदारांची पूर्ण रक्कम त्या विम्यात बसत होती. सहकारी बँकेला तो विमा लागू आहे, पतसंस्थेला नाही, आणि भिशीला तर नाहीच.

आता तुमच्या पाटल्या. माझ्या मते पत्राचा खरा प्रश्न हाच आहे.

तुम्ही वर्षभर एकीकडे पैसे साठवणार आणि दुसरीकडे ६०,०००वर ११ टक्के व्याज चढू देणार. पुढच्या सप्टेंबरपर्यंत ते व्याज साधारण साडेसहा हजार होईल. त्यापेक्षा दर रविवारची रक्कम सरळ सोनेतारण कर्जाच्या खात्यात भरा. तुमचं कर्ज वर्षअखेरीला एकरकमी फेडायचं असलं, तरी मधे थोडीथोडी रक्कम घेतात का, हे शाखेत विचारा. बऱ्याच ठिकाणी घेतात. पाटल्या दोन आहेत, तेव्हा अर्धी रक्कम फिटल्यावर एक सोडतील का, हेही विचारा.

सप्टेंबरचे दोन रविवार ४०० रुपये. ऑक्टोबर ते मे, म्हणजे पस्तीस रविवार, १,८०० रुपये. सीझनमध्ये महिन्याला दहा-बारा हजार शिल्लक राहतात असं तुम्ही लिहिलंय, त्यात हे बसतं. जूनपासून पुन्हा ४००. चवथीआधी एकूण ६९,००० होतात, वाड्याच्या तक्त्यापेक्षा शंभर रुपये जास्तच. या वेगाने मेच्या अखेरीस कर्ज फिटतं आणि व्याज जातं फार तर २,४००. पाऊस पडायच्या आत पाटल्या घरी, आणि चवथीला हातात साधारण ६,६०० रुपये.

वाड्याच्या योजनेत बोनससकट सगळं सुरळीत झालं, तरी कर्ज आणि व्याज फेडून उरतील सुमारे ७,४००. म्हणजे फरक आठशे रुपयांचा. बोनस नाही आला तर २,४०० उरतील. मुद्दल अडकलं तर पाटल्या अजून वर्षभर बँकेत. आठशे रुपयांसाठी मी तरी ६८,९०० कुणाच्या खात्यात टाकणार नाही.

सीझनमध्ये एखादा आठवडा टॅक्सी गॅरेजमध्ये गेली तर त्या रविवारी ४०० भरा आणि पुढे चालू ठेवा. पावसाळ्यातल्या हप्त्यांसाठी आणि चवथीसाठी वेगळं बचत खातं असू द्या, जमल्यास घरखर्चाच्या यूपीआयला न जोडलेलं. पोस्टाची आवर्ती ठेव चांगली असली तरी पाच वर्षांची असते, या कामाला ती नको. बँकेची वर्षाची आवर्ती ठेव दर महिन्याला तीच रक्कम मागते, तीही तुमच्या पावसाळ्याला जड जाईल.

राहिला वाडा. गट हवाच, कारण एकट्याने ठरवलेला रविवार दुसऱ्या महिन्यात विसरला जातो. वीस जणींच्या देखत भरायचे म्हटलं की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात उगाच घेतली जाणारी चादर राहते. बैठकीत एवढंच सांगा की प्रत्येकीने आपापल्या खात्यात भरावं आणि पावतीचा फोटो रविवारी रात्री नऊपर्यंत ग्रुपवर टाकावा. रक्कम झाकून टाकली तरी चालेल. चुकलं तर ५० रुपये दंड, दंडाचा डबा एकीच्या हातात, हिशोब दुसरीच्या. तुमच्यात आणखी दोघी-तिघी तरी असतील ज्यांचं सोनं तारण आहे आणि ज्या ते बोलत नाहीत. तुम्ही बोललात तर त्याही बोलतील.

ज्यांना आपसांत कर्ज द्यायचंच आहे त्यांनी रीतसर बचतगट करावा. खातं गटाच्या नावाने, पैसे काढायला एकाहून जास्त सह्या, प्रत्येक कर्जाचा ठराव. वीस जणी म्हणजे एका गटाला पुरेशा. काम जास्त आहे, म्हणून कंटाळा येतो, पण पुढे बँकेकडून गटाला कर्ज मिळायची वाट त्यातूनच निघते.

नववीतल्या मुलीला १० रुपयांपासून चढणारं असंच आव्हान द्यावं का, असंही विचारलंय. द्या. तिचे वर्षाला १३,७८० होतील, पण तिला उलटं मोजायला सांगा: पहिल्या रविवारी ५२०, शेवटी १०. पहिले दोन-तीन हप्ते चवथीला मामा-मावशीने हातात ठेवलेल्या पैशांतून निघतील, पुढच्यांना तुम्ही थोडा हातभार लावा. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः चालवता येईल असं खातं बँका उघडून देतात, आधार आणि जन्मदाखला घेऊन तिलाच शाखेत पाठवा.