संमतीपत्रावर सही कुणाची?

पत्र (जानेवारी २०२२ चं), थोडं कमी करून:

ताई, मी पुण्यात हडपसरला राहते. एका पतसंस्थेत काउंटरला आहे. मुलगी दुसरीत. मिस्टर आयटीत, दोन वर्षं घरूनच काम करतात. सासूबाई ६८ वर्षांच्या, त्यांना शुगर आहे. त्यांचे दोन्ही डोस झालेत, दुसरा गेल्या मेच्या पहिल्या आठवड्यात. त्याआधी एप्रिलमध्ये सासरे कोरोनाने गेले. मिस्टर एकटेच त्यांना घेऊन बेडसाठी शहरभर फिरले. त्याबद्दल आजवर एक अक्षर बोललेले नाहीत.

डिसेंबरात शाळा सुरू झाली तेव्हा मुलगी जेमतेम दोन आठवडे गेली. पहिल्या दिवशी घरी आली ती सांगत की वर्गातली एक मैत्रीण 'एवढी उंच' आहे. स्क्रीनवर तिला कळलंच नव्हतं. मग शाळा पुन्हा बंद. आता १ फेब्रुवारीपासून सुरू होतेय, संमतीपत्र आलंय. मी पाठवू म्हणते. मिस्टर आधी दिवाळीनंतर म्हणायचे, मग लस आल्यावर, आता जूनमध्ये म्हणतात. मी चिडून म्हणाले, 'डिसेंबरात सातारला लग्नाला गेलो तेव्हा कुठे होता कोरोना?' तेव्हापासून अबोला आहे. पालकांच्या ग्रुपवर एकीने लिहिलं, 'आई दिवसभर बाहेर, म्हणून मुलीला शाळेत टाकायची घाई.' फार लागलं. आणि परवा रात्री मुलीने विचारलं, 'मी शाळेत गेले तर आजी पण आजोबांसारखी जाईल का?' काय करू?

उत्तर:

प्रिय मैत्रीण,

वेळ थोडा आहे, म्हणून सरळ उत्तर आधी देते. मुलीला शाळेत पाठवा. जूनची वाट बघू नका. मात्र संमतीपत्रावर एकटीने सही करून देऊ नका. ही दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मनापासून सांगतेय.

तुम्हा दोघांचं जमत नाही यात तुमचं काही चुकलंय असं समजू नका. हा वाद सगळ्या राज्यात चाललाय. गेल्या ऑगस्टमध्ये शिक्षण विभागाने १७ तारखेपासून शाळा उघडायचं जाहीर केलं, राज्याच्या कोविड टास्क फोर्सच्या डॉक्टरांनी हरकत घेतली आणि निर्णय थांबला. मग ४ ऑक्टोबरला खेड्यांत पाचवीपासून आणि शहरांत आठवीपासून वर्ग सुरू झाले. लहान मुलांची पाळी डिसेंबरात आली, त्यातही पुण्या-मुंबईने आणखी पंधरवडा घेतला. जानेवारीत ओमायक्रॉन, म्हणजे कोरोनाचा नवा प्रकार, आला आणि १५ फेब्रुवारीपर्यंत सगळं बंद ठेवायचं ठरलं. तेही टिकलं नाही. २४ जानेवारीपासून स्थानिक प्रशासनावर सोडलं, आणि पुण्यात आता १ तारीख ठरली. मंत्री, डॉक्टर आणि महापालिका यांचं एकमत व्हायला इतके हेलपाटे पडत असतील, तर जेवणाच्या टेबलावर दोन माणसांचं एका रात्रीत कसं होणार?

तरी मी 'पाठवा' म्हणते, त्याची कारणं सांगते.

आयसीएमआरने, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, गेल्या जून-जुलैत देशभर रक्ताची तपासणी केली. ६ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांच्या रक्तात कोरोनाची प्रतिपिंडं सापडली. या वयाला लस नव्हती, आजही नाही. आणि प्राथमिक शाळा तर मार्च २०२० पासून जवळपास सगळीकडे बंदच होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलांना संसर्ग झाला तो घरात, वस्तीत, पाहुण्यारावळ्यांत. शाळेला कुलूप होतं म्हणून तो थांबला नाही. त्याच जुलैत आयसीएमआरचे प्रमुख डॉ. बलराम भार्गव म्हणाले होते की लहान मुलं हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात, तेव्हा शाळा उघडायच्या तर आधी प्राथमिक उघडाव्यात. डेन्मार्कने एप्रिल २०२० मध्ये नेमकं हेच केलं होतं, आधी धाकटी मुलं वर्गात आणली. आपल्याकडे क्रम उलटा लागला. मोठ्या वर्गांना परीक्षा म्हणून शाळा, आणि ज्यांना स्क्रीनवरून सगळ्यात कमी शिकता येतं ती लहान मुलं शेवटी. याचा मला राग येतो आणि तो लपवावासा वाटत नाही.

लसीचंही सांगते. ३ जानेवारीपासून १५ ते १८ वयाला लस सुरू झाली. सात वर्षांच्या मुलीचा नंबर कधी लागेल त्याची तारीख आज कुणाकडेच नाही. 'लस आल्यावर' म्हणजे कधी, हे तुमच्या मिस्टरांनाही सांगता येणार नाही. जूनलाही आकडे खाली असतीलच असं नाही.

घरी राहून काय गमावलं जातं हे तुमच्या मुलीनेच सांगून टाकलंय. दोन वर्षं जिच्यासोबत शिकली ती मैत्रीण आपल्यापेक्षा उंच आहे हे तिला माहीत नव्हतं. पत्रातलं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आणि तुमच्याकडे लॅपटॉप आहे, नेट आहे, शेजारी बसायला आजी आहे. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांचं काय झालं? गेल्या ऑगस्टमध्ये १५ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमध्ये एक पाहणी झाली. खेड्यांतली फक्त ८ टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती, ३७ टक्के अजिबात शिकत नव्हती. तुमच्या सोसायटीत धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंना एकदा विचारा, त्यांच्या मुलांच्या वाट्याला फोन दिवसातून किती वेळ येतो.

आता एक गोष्ट जरा हळुवारपणे सांगते, कारण ती तुम्ही मिस्टरांच्या अंगावर फेकावी असं मला वाटत नाही. तुम्ही ही दोन वर्षं काउंटरला बसताय. रोज अनोळखी माणसं समोर येतात, नोटा हातात येतात, आणि संध्याकाळी तुम्ही त्याच घरात परत जाता जिथे सासूबाई आहेत. तुमच्या घराने नोकरीसाठी हा धोका पत्करला, आणि बरोबरच केलं, पगार लागतो. मग मुलीच्या शाळेसाठी थोडासा धोका घ्यायची वेळ आली की तो अचानक परवडेनासा का होतो? हा प्रश्न दोघांनी मिळून विचारण्यासारखा आहे. सातारच्या लग्नासारखा तोंडावर मारू नका. ते तुमचं म्हणणं खरंच होतं, पण त्या क्षणी त्यांना त्यातून एवढंच ऐकू आलं असणार की तुम्ही बेजबाबदार आहात. आणि जो माणूस वडिलांना घेऊन या हॉस्पिटलातून त्या हॉस्पिटलात फिरला, त्याच्या मनात आधीच तो आरोप स्वतःवर चालू असेल तर?

माझ्या मते तुमच्या घरातला खरा विषय हाच आहे. दिवाळी, लस, जून या तारखा पुढे पुढे जाताहेत, कारण त्यांची भीती तारखेवर अवलंबूनच नाही. गेल्या एप्रिलमध्ये पुण्यात काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. बेड नाही, ऑक्सिजन नाही, रेमडेसिव्हिरसाठी रात्र-रात्र रांगा, आणि गेलेल्या माणसाचं धड दर्शनही नाही. ते सगळं त्यांनी एकट्याने पाहिलं आणि गिळलं. आज ओमायक्रॉनमध्ये रुग्ण भरपूर आहेत, पण बेडसाठी तशी धावाधाव नाही. हे त्यांना बातम्यांतून कळतं. मनाला मात्र अजून एप्रिलच चालू आहे.

तेव्हा संमतीपत्र बाजूला ठेवा आणि अबोला तुम्ही मोडा. घरात नको, मुलगी आणि सासूबाई ऐकत असतात. जेवणानंतर खाली एक चक्कर मारायला चला म्हणा. शाळेचं नाव काढू नका. एवढंच म्हणा, 'बाबांच्या वेळी तुम्ही एकटे पळत होतात, मी घरी होते. तिथे काय काय झालं ते मला कधी सांगितलंच नाहीत.' मग गप्प बसा. पहिल्या दिवशी काही बोलणार नाहीत कदाचित. दुसऱ्या दिवशीही चला. त्यांना झोप लागत नसेल, चिडचिड वाढली असेल, तर समुपदेशकाकडे जायला संकोच करू नका. दुसऱ्या लाटेनंतर कितीतरी घरांत ही गरज आहे आणि कुणी ती बोलून दाखवत नाही.

शाळेचं बोलणं त्यानंतर. आणि ते बोलताना त्यांच्या हातात काम द्या. १ तारखेआधी त्यांनी स्वतः शाळेत जाऊन वर्ग बघून यावा. खिडक्या उघडतात का, एका बाकावर किती मुलं, शिक्षकांचे दोन्ही डोस झालेत का, कुणी पॉझिटिव्ह निघालं तर पालकांना त्याच दिवशी कळवणार का, हे त्यांनीच विचारावं. आज त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त हॉस्पिटल आहे, वर्ग नाही. माझी जास्त काळजी वर्गापेक्षा व्हॅनची आहे. बंद काचा, दाटीवाटीने बसलेली दहा-बारा मुलं. ते घरून काम करतात, तर निदान सुरुवातीला सोडणं-आणणं त्यांनीच करावं. पहिली ते आठवी सध्या अर्धवेळच आहे, त्यामुळे मास्क काढून एकत्र डबा खाणंही टळेल. मुलीला सर्दी-खोकला असेल, घरात कुणाला ताप असेल तर ती घरी राहील, वर्गात केस निघाली तर आठवडाभर घरी राहील, हे कागदावर लिहून फ्रिजला लावा. म्हणजे रोज सकाळी नव्याने भांडायला नको. मुलीला दमा किंवा दुसरं काही दुखणं असेल, तर मात्र माझं सगळं बाजूला ठेवून आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा.

एकटीने सही का करायची नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. उद्या सासूबाईंना साधी सर्दी झाली तरी त्या सहीचं ओझं तुमच्या एकटीच्या डोक्यावर येईल, आणि ते उतरायला वर्षं जातील. दोघांची सही होऊ दे. त्याला आठवडा उशीर झाला तरी चालेल.

ग्रुपवरच्या त्या बाईंना उत्तर देऊ नका. तुम्ही कामाला जाता म्हणून तुमचं आईपण कमी होत नाही. ते सिद्ध करायला तुम्ही ग्रुपवर नाहीच आहात. शाळेच्या सूचना तिथेच येतात, तेव्हा ग्रुप सोडू नका, म्यूट करा आणि दिवसातून एकदा बघा.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र आजच द्या. दुसऱ्या कशाचीही वाट बघू नका. सात वर्षांच्या पोरीने आजीच्या जिवाची राखण आपल्या अंगावर घेतलीय. घरात आपलं बोलणं तिच्या कानावर पडतं, त्यातून तिने हे जुळवलं असणार. तिला सांगा, 'आजोबा गेले तेव्हा तुझी शाळा बंद होती, तू घरीच होतीस. तुझ्यामुळे काहीच झालं नाही. आजीची काळजी घ्यायला आई-बाबा आहेत, डॉक्टर आहेत. तुझं काम मास्क नीट लावायचा आणि हात धुवायचे, बस्स.' हे तिच्या बाबांनी सांगितलं तर फार बरं, ते तयार होईपर्यंत तुम्ही सांगा. एकदा सांगून भागणार नाही. ती पुन्हा विचारेल, तेव्हा पुन्हा याच शब्दांत सांगा.

शेवटी सासूबाई. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ग्रुपवरच्या बाईंपासून सातारच्या लग्नापर्यंत सगळं त्यात आहे, पण सासूबाई काय म्हणतात ते कुठेच नाही. सगळं त्यांच्या नावाने चाललंय आणि त्यांना कुणी विचारलेलं दिसत नाही. मालक गेल्याला वर्षही झालेलं नाही. ऑनलाइन वर्गाला नातीशेजारी बसणाऱ्या त्याच. ती स्क्रीनसमोर कशी कंटाळते हे त्यांच्याइतकं तुम्हा दोघांनाही माहीत नसेल. त्यांच्यासमोर बसून दोघांनी मिळून विचारा. त्या 'पाठवा' म्हणाल्या, तर १ तारखेला पाठवा. 'मला भीती वाटते' म्हणाल्या, तर तीही ऐका, तो त्यांचा हक्क आहे. १० जानेवारीपासून ६० वर्षांवरच्या, शुगर-बीपीसारखे आजार असलेल्यांना तिसरा डोस मिळतोय, दुसऱ्यानंतर नऊ महिने झाले की. त्यांचे नऊ महिने याच फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात भरताहेत. डोस घ्या, वर दोन आठवडे जाऊ द्या, आणि सोमवार, २१ फेब्रुवारी ही तारीख तिघांनी मिळून ठरवा. ती मात्र मग पुढे ढकलायची नाही, असं मिस्टरांकडून आधीच कबूल करून घ्या.