फोटोतला मुलगा तोच आहे का?

प्रश्न : मॅडम, आमच्या ओळखीचा एक २४ वर्षांचा मुलगा महिनाभरापासून बेपत्ता आहे. अजनीला जातो म्हणून घरून निघाला. फोनचं शेवटचं लोकेशन गोरखपूर, एवढं घरच्यांकडून कळलं. त्याला शोधायला आम्ही मित्रांनी ग्रुप काढला. आता त्यात अडीचशे लोक आहेत, बरेचसे अनोळखी. काही म्हणतात, पासपोर्ट नव्हता, इमिग्रेशनला नोंदही नाही, म्हणजे नेपाळला गेलाच नाही. काही म्हणतात, त्याला पळवून नेलं, लुकआउट नोटीस काढायला लावू. परवा लुंबिनीहून परतलेल्या एका काकांनी सोनौलीच्या भारत-नेपाळ सीमेवर काढलेला फोटो दिला. मागे चहाच्या टपरीत त्याच्यासारखा दिसणारा मुलगा आहे, शेजारी एक दाढीवाला. टपरीतल्या घड्याळात ४:३५ वाजलेत आणि काकांच्या मोबाइलमध्ये फोटोची वेळ ४:२० आहे, म्हणून काहींना फोटो खोटा वाटतो. एकानं त्या दाढीवाल्याचं नाव शोधलंय, ते फोटोसकट सगळीकडे टाकू म्हणतो. मी अ‍ॅडमिन आहे. टाकू का?
– एक वाचक (वय २२), त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : नको टाकूस, पोरा. आजच ग्रुपमध्ये फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी सेटिंग कर, आणि उद्या सकाळी फोटो घेऊन जिथे मिसिंग दाखल आहे त्या ठाण्यात जा. आता का ते सांगते.

आधी घड्याळ. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असते. काकांचा मोबाइल भारतातलाच टॉवर धरून असेल, तर त्यात ४:२० आणि पलीकडच्या टपरीत ४:३५ हे बरोबर जुळतं. तेव्हा या फरकावरून फोटो खोटा ठरत नाही. टपरी बहुधा बेलहियाची, म्हणजे सोनौलीच्या पलीकडची, एवढंच त्यातून निघतं. बाकावर बसलेला मुलगा कोण, ते घड्याळ कसं सांगणार?

पासपोर्टचं म्हणशील, तर ती सीमा मी स्वतः पायी ओलांडली आहे. निवृत्त झाल्यावर इंदोऱ्यातल्या बायकांबरोबर लुंबिनीला गेले होते. राप्तीसागर एक्स्प्रेसनं गोरखपूर, तिथून बसनं सोनौली. एसएसबीच्या, म्हणजे सीमेवर पहारा देणाऱ्या सशस्त्र सीमा बलाच्या जवानानं पिशवी उघडायला लावली, मतदार कार्ड बघितलं आणि परत दिलं. माझी सगळी नोकरी पोलीस ठाण्यात नोंदी करण्यात गेली, त्यामुळे माझं लक्ष त्याच्या हातांकडे. रजिस्टर नव्हतं, पेनही नव्हता. शेजारून सायकलरिक्षा जात होत्या, डोक्यावर गोणी घेतलेली माणसं येत होती. दहा मिनिटांत आम्ही नेपाळात चहा पीत होतो, आणि आम्ही तिथे गेल्याचा कागद कुठेच नव्हता. १९५० च्या भारत-नेपाळ करारापासून दोन्हीकडच्या लोकांना ही मोकळीक आहे, आणि ही सीमा सुमारे १,७५० किलोमीटर लांब आहे.

म्हणून ‘इमिग्रेशनला नोंद नाही’ यावरून तो गेला असंही म्हणता येत नाही आणि गेला नाही असंही नाही. पेट्रापोलहून बांगलादेशात जाणाऱ्याच्या पासपोर्टवर शिक्का बसतो, तिथे हा तर्क चालला असता. लुकआउट नोटीस इमिग्रेशनच्या काउंटरवर माणूस अडवते; सोनौलीला पायी जाणारा भारतीय त्या काउंटरकडे वळतच नाही. आणि गोरखपूर ते सोनौली शंभरएक किलोमीटर आहे. बॅटरी संपली, सिम काढलं, फोन चोरीला गेला, पोरगा लखनौकडे वळला, काहीही झालं तरी शेवटचं लोकेशन गोरखपूरच दिसणार.

शेवटची नऊ वर्षं माझ्याकडे मिसिंगचं टेबल होतं. तेव्हा एका आईला कुणी अनोळखी माणसानं फोन केला, तुमचा मुलगा गोरखपूर स्टेशनवर दिसला म्हणून. बाई आम्हाला न सांगता निघाली. चार दिवसांनी परतली ती सरळ ठाण्यात आली आणि माझ्या टेबलावर पिशवी ठेवली. आत मुलाचं स्वेटर, धुऊन घडी घातलेलं, आणि डब्यात त्याच्यासाठी केलेल्या तिळाच्या पोळ्या, बुरशी आलेल्या. डबा मीच घासून दिला. मुलगा त्या वेळी पुण्याजवळ एका ढाब्यावर भांडी घासत होता, दीड महिन्यानं सापडला. फोन करणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. त्यानं पाहिलं, त्याला तसं वाटलं, त्यानं कळवलं.

त्या दाढीवाल्यासाठी मात्र मला खरंच भीती वाटते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरच्या अफवेनं जमावानं पाच जणांचा जीव घेतला. मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. २०१३ साली बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटानंतर इंटरनेटवरच्या हौशी शोधकऱ्यांनी एका बेपत्ता विद्यार्थ्याचं नाव त्यात गोवलं. त्याचा काही संबंध नव्हता. त्याचा मृतदेह नंतर नदीत सापडला. घरचे त्याला शोधत होते आणि लोक त्यांना शिव्या देत होते. तुमच्या फोटोतला माणूस त्या मुलाच्या शेजारी नुसता चहा प्यायला बसलेला असू शकतो.

मुलगा सज्ञान आहे, हेही ध्यानात ठेव. स्वतःहून गेला असेल, तर सापडल्यावर पोलीस त्याचा जबाब घेतात. त्याची इच्छा नसेल तर पत्ता घरच्यांनाही देत नाहीत.

ठाण्यात जाताना काकांकडून मूळ फाइल घे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला की त्यातली वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते, तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. लेखी अर्ज दे, पोच घे, काकांचा नंबर तपास अधिकाऱ्याला दे. पुढे एसएसबीला आणि काठमांडूच्या आपल्या दूतावासाला कळवणं, गरज पडली तर सीबीआयमार्फत इंटरपोलची यलो नोटीस काढणं, ही पोलिसांची कामं. ती नोटीस बेपत्ता माणसांसाठीच असते. ठाण्यात कुणी ऐकून घेतलं नाही, तर अर्ज घेऊन पोलीस उपायुक्तांकडे जा. ग्रुपमध्ये कुणी ‘पैसे द्या, सीडीआर (फोनच्या कॉलची नोंद) काढून देतो’ म्हणाला, तर त्याला काढून टाक आणि त्याचा नंबरही ठाण्यात दे.

परत येताना त्या मुलाच्या आईकडे जा. फोटोचा विषय काढू नकोस. निघताना त्याच्या पायात काय होतं, चष्मा कोणत्या फ्रेमचा, हातावर काही खूण आहे का, एवढं विचारून लिहून घे. तुमच्या फोटोत बाकाखाली त्या मुलाचे पाय दिसत असतील, तर अधिकाऱ्याला तेच आधी लागेल.