अंदाजाने म्हणजे किती?

प्रिय मनू,

अनेक आशीर्वाद. परवा रात्री तुझा मेसेज आला, 'बाबा, आजीला विचारलं तरी अंदाजाने, तुला विचारलं तरी अंदाजाने, मराठी लोकांचं अंदाजाने म्हणजे नक्की किती? आणि माझी तूरडाळ दीड तास उकळतेय तरी कच्चीच आहे.' फोनवर सांगायला लागलो असतो तर माझ्या तोंडून परत तेच आलं असतं, म्हणून बसून लिहितोय. सावकाश वाच, शब्द अडला तर विचार, रविवारच्या मराठी शाळेत भांड्यांची नावं फारशी झाली नव्हती ती इथे येतील.

आधी डाळीचं सांगतो कारण त्यात तुझी काही चूक नाही. तुझं कोलोरॅडोतलं बोल्डर शहर आहे साडेसोळाशे मीटर उंचीवर. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे तू रोज कळसूबाईच्या माथ्यावर स्वयंपाक करतेयस असं समज. तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी 100 ऐवजी 95 डिग्रीच्या आसपासच उकळतं आणि कितीही वेळ गॅस मोठा ठेवला तरी त्याच्या वर जात नाही. डाळीला ते पुरत नाही. कुकरमध्ये वाफ कोंडली की पाणी 115-120 पर्यंत तापतं, म्हणून आपल्याकडे डाळ उघड्या पातेल्यात शिजवायच्या भानगडीत कोणी पडत नाही. अजून एक विचारायचंय, चिंच तू डाळीबरोबरच घातली होतीस का? आंबट पडलं की डाळ मऊ व्हायला फार वेळ लावते, म्हणून चिंच असो आमसूल असो टोमॅटो असो, डाळ पूर्ण शिजल्यावरच.

तर कुकर घे. स्टीलचा घे, साधा ॲल्युमिनियमचा तुझ्या इंडक्शनवर चालणार नाही, तळाला चुंबक चिकटतो का ते दुकानातच बघ. आणि त्यात एकावर एक बसतील असे दोन डबे. खालच्या डब्यात डाळ, चिमूटभर हळद, हिंग, तेलाचे दोन थेंब म्हणजे फेस कमी येतो. वरच्या डब्यात तांदूळ. डब्यांच्या बाहेर कुकरच्या तळाला दोन वाट्या पाणी, हे विसरायचं नाही, विसरलं तर कुकर जळतो. सांगलीला आजी तीन शिट्ट्या करून बारीक गॅसवर पाच मिनिटं ठेवते, तू तिथे पाच शिट्ट्या कर. मग बंद करून हात लावायचा नाही, वाफ आपोआप जिरू दे, घाई करून झाकण ओढायचं नाही, हे मी तुला हात जोडून सांगतोय. डाळ सकाळी कॉलेजला जाताना भिजत घालून फ्रीजमध्ये ठेवलीस तर अजून चांगलं. एका वेळी भात, डाळ, आणि डाळीत दोन बटाटे टाकलेस तर भाजीचीही सोय होते, संध्याकाळी साडेसहाला घरी आलीस तर सव्वासातला ताट समोर.

आता अंदाज. मी 1998 ला अमेरिकेत आलो तेव्हा कॉलिंग कार्डवर मिनिटं मोजून आजीशी बोलायचो आणि तिने अंदाजाने घाल म्हटलं की मला रडू यायचं, म्हणून तुझा वैताग मला कळतो. पण हळूहळू लक्षात आलं की तिचं माप होतं, फक्त ते ग्रॅममध्ये नव्हतं. तिचं माप वाटी. वाटी कुठलीही घे पण डाळ ज्या वाटीने घेतलीस पाणीही त्याच वाटीने. आजीची आमटीची वाटी साधारण 150 मिलीची आहे, तुझा मेजरिंग कप 240 चा, म्हणून ती एक वाटी तांदूळ म्हणते आणि तू एक कप घेतेस तेव्हा भात दीडपटीपेक्षा जास्त होतो आणि पाणी मात्र तू तिच्या वाटीच्या हिशोबाने घातलेलं असतं! एवढी गणितं पाठ कर: भाताला एकास दोन, तांदूळ नवा असेल तर थोडं कमी. तूरडाळीला एकास तीन. मुगाच्या खिचडीला एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी डाळ, चार वाट्या पाणी. पिठल्याला एकास तीन. मीठ आधी कमी घाल, वाटीभर डाळीला सपाट चमचा, बाकीचं चाखून. तिखट आणि आंबट याचं माप मात्र मी देऊ शकत नाही, कारण तुझ्या दुकानातली मिरची आणि आमची मिरची एक नाही, तिथे जिभेलाच विचारावं लागतं.

आणि जिथे वाटी चालत नाही तिथे कान आणि नाक चालतात, म्हणजे फोडणी. लहानपणी तू स्टुलावर उभी राहून आवाज ऐकायचीस आठवतंय? छोटं कढलं घ्यायचं (तुझी आई पुण्याची, ती पळी म्हणते), दोन चमचे तेल, तापलं का बघायला मोहरीचा एकच दाणा टाक, तो लगेच तडतडला तर बाकीची अर्धा चमचा टाक. मोहरीच्या आतल्या ओलाव्याची वाफ होऊन दाणा फुटतो तो आवाज, आणि न फुटलेली मोहरी कडू लागते म्हणून घाई नाही. तडतड थांबत आली की जिरं, मग हिंग, मग कढीपत्ता, कढीपत्ता टाकताना चेहरा मागे घे कारण पानावर पाणी असतं. हळद शेवटी कारण ती लगेच करपते, आणि हळद पडली की दोन सेकंदात त्यावर कांदा किंवा डाळ पडली पाहिजे. मागच्या घरी तुझा साधा काचेच्या टॉपचा स्टोव्ह होता ना, तिथे बंद केला तरी काच तापलेलीच राहते, म्हणून तुझी फोडणी सारखी काळी व्हायची. असल्या स्टोव्हवर कढलं उचलूनच बाजूला घ्यायचं. मिरचीची फोडणी करताना खिडकी उघड आणि पंखा लाव, नाहीतर स्मोक अलार्म वाजतो आणि शेजारचे घाबरून बाहेर येतात, आमच्याकडे हे दोनदा झालंय.

दमलेल्या दिवशी काय करायचं? पिठलं. माझं म्हणणं, याच्यासारखं दुसरं जेवण नाही. एक वाटी बेसन तीन वाट्या गार पाण्यात आधीच रवीने किंवा व्हिस्कने कालवून ठेव, गरम पाण्यात पीठ टाकलं की गुठळ्या होणारच. फोडणीत चार-पाच पाकळ्या लसूण ठेचून, दोन हिरव्या मिरच्या, एक कांदा परतून गुलाबी झाला की ते कालवलेलं पीठ ओत, मीठ घाल आणि हलवत रहा, सात-आठ मिनिटांत दाटसर होतं. मग गॅस अगदी बारीक करून झाकण ठेव आणि पाच मिनिटं वाफ येऊ दे, ही वाफ टाळायची नाही, नाहीतर बेसनाचा कच्चा वास राहतो. वर कोथिंबीर. भाकरी तुला अजून जमत नाही, हरकत नाही, गरम भाताबरोबर खा आणि कच्चा कांदा फोडून घे.

आमटीचं थोडक्यात: शिजलेली डाळ घोटून, फोडणी, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा आणि मसाला. मसाला कुठला यावर तुझ्या दोन्ही आज्यांचं कधी एकमत होणार नाही, सांगलीची आजी कांदा-लसूण मसाला घालते, पुण्याची आजी गोडा मसाला, आणि गोडा मसाला असला तर गूळ पाहिजेच. दोन्ही करून बघ. ज्या दिवशी तेही होत नाही त्या दिवशी मऊ भात, मेतकूट, तूप. पोट बिघडलं तरी तेच.

कोशिंबिरीची काकडी चिरून लगेच मीठ घालू नकोस, पाणी सुटतं, जेवायला बसताना घाल. दाण्याचं कूट एकदाच करून ठेव, शेंगदाणे ओव्हनमध्ये 350 फॅरेनहाइटला बारा-पंधरा मिनिटं, मध्ये एकदा हलवून, गार झाल्यावर चोळून सालं काढ, आणि मिक्सर थांबत थांबत फिरव नाहीतर तेल सुटून लगदा होतो. उरलेला भात ओट्यावर रात्रभर ठेवू नको, गार झाला की लगेच फ्रीजमध्ये, आणि सकाळी त्याचा फोडणीचा भात.

रूममेटला यातलं काही शिकवलंस तर तिला फोडणीच्या वेळी जवळ उभी कर, लिहून देऊ नकोस. मलाही आजीने शेवटी असंच शिकवलं, 2001 ला सुट्टीत घरी गेलो तेव्हा, माझे डोळे मिटायला लावून, आणि आवाज कमी झाला की 'आता' म्हणायचं.

पार्सल आज टाकलंय. मिसळणाचा डबा आहे, त्यात सात वाट्या भरूनच पाठवल्यात, हळद सांगलीची आहे, आजीने जानेवारीत दिलेली. सांडशी आहे, कुकरमधले डबे टॉवेलने उचलत जाऊ नकोस. थालीपिठाची भाजणी आईने भरलीये, ती फ्रीझरमध्ये ठेव. आणि माझी जुनी 150 ची वाटी कढल्याच्या आत गुंडाळून ठेवलीये, काढताना कागदाबरोबर फेकू नकोस. शनिवारी तुझी फोडणी चालू असताना फोन कर आणि स्पीकरवर ठेव, मी ऐकतो.

तुझा,
बाबा