तोतरं बोलणाऱ्याच्या भाषणावर काय बोलायचं?

प्रश्न: आमच्या ऑफिसात टोस्टमास्टर्स क्लब आहे (भाषणाचा सराव करायचा), येत्या बुधवारी मी इव्हॅल्युएटर आहे, म्हणजे भाषणावर अभिप्राय मी द्यायचा, आणि ज्याचं भाषण आहे तो तोतरं बोलतो. मागच्या वेळी ‘प’वर अडकला तर पुढच्या रांगेतून कोणीतरी ‘पुणे, पुणे’ ओरडलं, सगळे हसले, तोही हसला. त्याला दुखवायचं नाहीये पण उगाच खोटं कौतुकही नको, काय बोलू?

उत्तर: तो हसला म्हणजे त्याला चाललं असं समजू नका हो. मी स्वतः शाळेपासून अडकत बोलते, आम्ही हसतोच, सवयच लागते.

सरळ त्यालाच आधी विचारा ना. चहाच्या वेळी, बाजूला घेऊन, ‘तुझ्या अडकण्याबद्दल मी काही बोलू का नको?’ तो नको म्हणाला तर विषय संपला. आणि आ-काउंटर जो असेल त्यालाही आधीच गाठा, तो ‘अं’, ‘म्हणजे’ मोजतो तसं ‘प-प-प’ पण मोजत बसेल, ते फिलर म्हणजे उगाच भरीला घातलेला शब्द नाहीये, तो शब्द बाहेर यायला धडपडतोय. सात मिनिटांची वेळ संपल्याचा लाल दिवा लागला की अजूनच घाई होते, जास्त वेळ हवाय का तेही विचारून घ्या.

‘सावकाश बोल, दीर्घ श्वास घे, घाबरू नको’ हे तर अजिबात नको. घाबरल्यामुळे तोतरेपणा येत नाही, शंभरातल्या साधारण एका मोठ्या माणसाला तो असतो, बऱ्याचदा घराण्यातच असतो, टेन्शनमध्ये फक्त वाढतो. ‘तुझ्या धाडसाला सलाम’ पण नको, बिचारा एसआयपीवर बोलायला आला आणि शौर्यपदक घेऊन घरी गेला! बाकीच्यांना सांगता तेच सांगा की, सुरुवात पकडणारी होती, दुसरं उदाहरण लांबलं, शेवट गुंडाळला.

एक मात्र बघा, आम्ही अवघड शब्द टाळतो. ‘पुणे’ निघत नाही म्हणून ‘आपलं शहर’ म्हणतो आणि वाक्य वेडंवाकडं होतं, तिथे ‘शब्दरचना कच्ची’ असं लिहू नका. स्वतःचं नाव तर बदलताही येत नाही, त्यामुळे त्याची ओळख तुम्हीच करून देऊ का हेही त्याला विचारा, काहींना ते आवडतं, काहींना नाही.

तो अडकला की लोक लगेच मोबाइलमध्ये बघायला लागतात, तुम्ही मात्र त्याच्याकडेच बघत राहा, शब्द पुरा करू नका. आणि त्या पुढच्या रांगेतल्या साहेबांना बुधवारी मागे बसवा.