खुलासा देऊ नकोस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक निरोप वाचला. बाळ चार महिन्यांचं, सोमवारी कामावर रुजू व्हायचंय, आणि आठवडाभर तू जो भेटेल त्याला समजावत बसली आहेस: पाळणाघर का, गावाहून सासूबाई का येत नाहीत, वरचं दूध लागलंच तर काय. निर्णय बरोबर की चूक, असं मला विचारलंस. त्याचं उत्तर मी देणार नाही. तो तुमचा दोघांचा निर्णय आहे. मी एवढंच सांगेन, खुलासा देऊ नकोस.

स्वतःला दोष देण्याआधी हिशोब तरी मांड. 2017 पासून कायद्याने रजा 26 आठवड्यांची झाली, पण त्यातले 8 पर्यंत आठवडे बाळंतपणाआधीचे धरले जातात. डॉक्टरांनी तुला पडून राहायला सांगितलं, तेव्हाच ते 8 संपले. उरले 18. आणि तेच डॉक्टर सांगतात, सहा महिने फक्त आईचं दूध. मधले जवळजवळ दोन महिने कुठून आणायचे, हे कायदाही सांगत नाही आणि दवाखानाही. तुझी माया कमी पडली म्हणून काही ते उणे झालेले नाहीत.

म्हणून बोलायची ताकद ऑफिसात खर्च कर. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ मिळाला पाहिजे. 50 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय हवी, आणि तिथे दिवसातून चारदा जाता आलं पाहिजे. हे लेखी माग. दूध काढून फ्रिजमध्ये ठेवलं तर 24 तास चालतं. आणि वर्षाच्या आत बाळाला मध चाटवायचा नाही, हे घरात एकदा ठणकावून सांग. कामाचा सल्ला कुणाचाही असो, ऐक. खुलासा मात्र कुणाला नाही.

बारशाला तुला कुणीतरी हिरकणीचा दाखला दिला म्हणे. ती गोष्ट पुरती आठव. ती तान्हं बाळ घरी ठेवून दूध विकायला रायगडावर गेली होती. कामावर होती गं ती! कोजागिरीच्या रात्री दरवाजे बंद झाले म्हणून कडा उतरली. आख्यायिकेतले महाराज तिला ‘बाळाला टाकून आलीसच का’ असं विचारत नाहीत, तिच्या नावाचा बुरूज बांधतात. दाखला देणाऱ्यांना ही अर्धी गोष्ट कशी आठवत नाही, याचा मला अजून संताप येतो.

आमच्या वेळी रजा 12 आठवड्यांची. मी बँकेत, हे गिरणीत. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि लालबागच्या आमच्या चाळीत घरोघरी पगार थांबले. मुलगा तेव्हा रांगत होता. हे त्याला न्हाऊ घालायचे, वरणभात भरवायचे, तर अख्खी चाळ म्हणायची, बाप असावा तर असा. आणि ज्या पगारावर तो वरणभात शिजत होता तो आणणारी मी, मला जिन्यात अडवून विचारायचे, लेकराची आठवण तरी येते का? मी थांबायचे, सांगत बसायचे. घरभाडं, किराणा, दिरांची फी, सगळं. वर मुलगा दाराशी रडत असायचा. नोकरीची मला खंत नाही, तेव्हाही नव्हती. नोकरी सोडली असती तर काय खाल्लं असतं आम्ही? जिन्यात गेलेल्या त्या संध्याकाळींची खंत आहे.

तू रात्री दोनला फोनवर शोधत बसतेस, पाळणाघरातली मुलं पुढे कशी निघतात म्हणून. झोप गं जरा! पाळणाघर बघायचं तर दुपारी न सांगता जाऊन बघ. एका बाईकडे किती मुलं आहेत, बाटल्या उकळतात का, मुलं रडली की कोण उचलतं. हे प्रश्न तू विचारायचे आहेत, आणि उत्तरं त्यांनी द्यायची आहेत. तुझ्यावर उलट्या बाजूने उभं राहायची वेळ का यावी?

सोमवारी बाळाला पाळणाघरात त्याच्या बाबाने सोडावं. तू सरळ ऑफिस गाठ. वाटेत त्याला कुणी खुलासा विचारणार नाही, आणि विचारलाच तर त्यानेही देऊ नये.

तुझी,
काकू