एक्स्पर्ट सिस्टिम आतून चालते कशी?

तुम्ही विचारलंय, एक्स्पर्ट सिस्टिम म्हणजे काय आणि ती निर्णय कशी घेते. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. जाणत्या माणसासारखा सल्ला देणारा हा संगणकाचा प्रोग्रॅम मला समजला आमच्या मोठ्या बाबांमुळे.

पावसाळ्यात कुणी सोयाबीनचं पिवळं पान घेऊन आलं, की ते लगेच औषध सांगत नाहीत. "शेंड्याकडचं हाय का बुडाकडचं?" शेंड्याकडचं. "शिरा हिरव्याच हायेत काय?" हो. "वावरात पाणी तुंबलं होतं?" हो. मग म्हणतात, लोह कमी पडलं, वाफसा येऊ द्या. पानावर हिरवे-पिवळे चट्टे असतील तर मात्र ते पान उलटं करून पांढरी माशी शोधतात, कारण पिवळा मोझॅक हा रोग तीच पसरवते.

एक्स्पर्ट सिस्टिम हेच करते, फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवून. 'असं असेल तर तसं' या नियमांचा साठा एकीकडे; कोणता नियम कधी लावायचा आणि पुढे काय विचारायचं हे ठरवणारी यंत्रणा दुसरीकडे. त्यामुळे नवा नियम टाकताना यंत्रणेला हात लावावा लागत नाही.

1970 च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी केलेली मायसिन अशीच होती. रक्तातला जंतुसंसर्ग ओळखायला तिच्यात सुमारे 600 नियम होते. आधी एक शक्यता धरायची आणि तिला लागणारे पुरावे विचारत मागे जायचं, ही तिची रीत. डॉक्टरांनी "हे का विचारतेस?" म्हटलं तर ती तो नियमच दाखवायची. मला तिचं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

खरी मेहनत नियम मिळवण्यात आहे. मी वही घेऊन मोठ्या बाबांसमोर बसलो, तर चार-पाच नियमांनंतर ते म्हणाले, "अबे, पाह्यलं का समजते." इलिनॉय विद्यापीठात मिखाल्स्की आणि चिलाउस्की यांनी सोयाबीनच्याच 15 रोगांवर काम केलं, 1980 मध्ये ते प्रसिद्ध झालं. तज्ज्ञाला विचारून लिहिलेल्या नियमांपेक्षा, रोगट झाडांच्या नोंदींवरून संगणकाने काढलेले नियम तिथे सरस ठरले.

स्वतः करून पाहायचं असेल तर क्लिप्स हे साधन मोफत मिळतं. एकच पीक घ्या, एकच लक्षण. आणि जाणत्या माणसाला ओसरीवर नका विचारू, वावरात घेऊन जा. मोठ्या बाबांचे पुढचे सगळे नियम मला धुऱ्यावर उभं राहूनच मिळाले.