नाकाच्या प्लास्टिक सर्जरीची सुरुवात नाशिकला झाली का?

नाही. पंचवटीत शूर्पणखेची कथा ऐकून अनेकांना तसं वाटतं, पण ती कथा नाक कापल्याची आहे, जोडल्याची नाही. नाक घडवण्याचं वर्णन सुश्रुतसंहितेत सापडतं, आणि जगभर गाजलेलं उदाहरण पुण्याजवळचं आहे.

कावसजी हा इंग्रज फौजेतला बैलगाडीवान. १७९२च्या युद्धात तो टिपूच्या कैदेत सापडला, तिथे त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग एका कारागिराने, डॉक्टरने नव्हे, मेणाचा साचा करून तो कपाळावर सपाट ठेवला, कडेने रेघ ओढली, तेवढी कातडी सोडवली आणि खाली वळवून बसवली. भुवयांमधली पट्टी मात्र शाबूत ठेवली, कारण रक्तपुरवठा तिथूनच होतो! ती सुमारे २५ दिवसांनी कापत. आणि हे सगळं भूल नसताना. त्या माणसाने काय सोसलं असेल, याचा विचार मला अस्वस्थ करतो. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ही हकीकत छापून आली. ती वाचून कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये लंडनमध्ये तशीच शस्त्रक्रिया केली.

माझ्या मावसबहिणीने नाशिकरोडला नाकाचं ऑपरेशन करून घेतलं. भूल होती, तरी सुरुवातीला तोंडाने श्वास घ्यावा लागला, डोळ्यांखाली काळंनिळं झालं. सूज पूर्ण उतरायला वर्षही लागू शकतं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.